बेडजवळ एक स्टूल

अगं, इन-सर्व्हिस क्लास गळ्यात पडला म्हणून एवढी काय गांगरलीस? विषय वाचून फोनवर म्हणालीस, "ताई, आयसीयूच्या स्टाफपुढे मी काय प्रवचन करू का?" प्रवचन तर मुळीच करू नकोस. नॉरॲड कितीवर चाललंय, शेवटची एबीजी काय आली, कुणाचं युरिन आउटपुट घसरलंय हे ज्यांच्या जिभेवर असतं, त्या मुलींसमोर तू फळ्यावर 'रुग्णाची आध्यात्मिक शुश्रूषा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलंस, की अर्ध्या जणी जांभया देतील आणि बाकीच्या रजेचं गणित मांडतील. त्यांना दोष देऊ नकोस. एनएबीएचच्या मानकांत रुग्णाच्या आध्यात्मिक आणि सांस्कृतिक गरजांचा मान राखावा असं लिहिलंय, म्हणून तपासणी जवळ आली की असे क्लास ठरतात, हे त्याही जाणतात आणि मीही. ठरू देत. निमित्त फाइलचं असलं म्हणून काय झालं? तो तास तर तुझा आहे.

सुरुवात स्लाइडने नको. एखादा रिकामा बेड मिळाला तर त्यावर एकीला झोपव. तोंडात टंग डिप्रेसर आडवा धरायला सांग, दोन्ही मनगटं बँडेजने कठड्याला सैल बांध, चष्मा काढून घे. मॉनिटरचा अलार्म वाजता ठेव. दुसरीला तिची सिस्टर कर. मग झोपलेलीला एक चिठ्ठी दाखव, बाकी कुणाला कळू देऊ नकोस. चिठ्ठीत लिहायचं, 'माझ्या मुलीला सांगा, मी तिच्यावर रागावलेलो नाही.' एवढंच पाच मिनिटांत सिस्टरपर्यंत पोचवायचं.

बघ काय होतं ते. सिस्टर विचारेल, दुखतंय? तहान लागलीय? पोझिशन देऊ? झोपलेली मान हलवून हलवून थकेल, हात ओढेल. शेवटी सिस्टर तिच्या खांद्यावर थोपटून म्हणेल, "शांत पडा बरं, डॉक्टर आले की ट्यूब काढतील." तोवर खिदळणाऱ्या पोरी तिथे गप्प होतील, कारण हे वाक्य आपण सगळ्या रोज म्हणतो. 'बेड चार फार धडपड करतोय, सिडेशन वाढवून घ्या' असं ओव्हर देताना ज्याच्याबद्दल सांगतो, त्याच्या मनात कदाचित अशीच एखादी चिठ्ठी असते.

पण इथेच एक गोष्ट ठासून सांग. धडपडणाऱ्या पेशंटचं आधी सॅच्युरेशन बघायचं. ट्यूब ब्लॉक आहे का, कॅथेटर तुंबलाय का, दुखतंय का, डेलिरियम आहे का, हे सगळं आधी. मनातलं दुःख शोधता शोधता कुणी तुंबलेली ट्यूब विसरली, तर तुझा विषय डॉक्टर पहिल्याच दिवशी मोडीत काढतील, आणि योग्यच करतील.

थोडी पार्श्वभूमी द्यायची तर सिसिली सॉन्डर्सबाईंची दे, कारण त्या मुळात आपल्यातल्याच. आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, मग हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या आणि तिशी उलटल्यावर डॉक्टरकी शिकल्या. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. माणसाचं दुखणं चार अंगांचं असतं, असं त्या सांगत: शरीराचं, मनाचं, घरादाराचं, आणि चौथं ते 'हे माझ्याच वाट्याला का, माझ्या जगण्याला काही अर्थ होता का' या प्रश्नांचं. चौथ्याला मॉर्फिन पुरत नाही. आपल्याकडे बांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन उघडलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. मात्र हॉस्पिसचं सगळं जसंच्या तसं आयसीयूत आणू नकोस. तिथे आलेल्याला आणि घरच्यांना बहुधा ठाऊक असतं की आपण कुठे निघालोय. आपल्याकडचा काल दुपारपर्यंत दुकानात बसलेला असतो, रात्री व्हेंटवर असतो, आणि आठवड्याने चालत घरीही जातो. म्हणून ही काळजी फक्त मरणाऱ्यांसाठी आहे, हा समज पहिल्याच तासात काढून टाक. बरा होणाराही रात्री तीन वाजता छताकडे बघत भीतीने गोठलेला असतोच.

आणि हो, कुणी म्हणालीच की हे आपलं काम नाही, तर तिला व्हर्जिनिया हेंडरसनच्या १४ गरजा म्हणून दाखवायला सांग. परीक्षेसाठी घोकलेल्या असतात सगळ्यांनी. श्वास, खाणंपिणं, मलमूत्र असं करत अकरावी येते ती आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येण्याची. तिथवर आली की आपोआप अडखळेल.

आता शिकवायचं काय? माझं विचारशील तर सगळ्यात आधी गप्प बसायला शिकव. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या १८५९च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये एक अख्खं प्रकरण आजाऱ्याला पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर आहे. रुग्णाच्या धोक्याला हलकं लेखून 'तुम्ही बरे होणार' म्हणत राहणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. आपल्याकडे तर ही वाक्यं ओठांवर तयारच असतात. आजोबा म्हणाले, "आता मी काही उठत नाही," की आपण लगेच, "असं अभद्र बोलू नये, आजोबा!" विषय संपला. त्यांना मृत्युपत्राबद्दल बोलायचं होतं, थोरल्या भावाशी धरलेल्या अबोल्याबद्दल बोलायचं होतं, का नुसतीच भीती वाटत होती, ते कळायची वाट आपणच बंद केली. त्याऐवजी एवढंच म्हणायचं, "असं का वाटतंय तुम्हाला?" आणि थांबायचं. हे थांबणं फार अवघड असतं, बाई. पोरींना जोड्या लावून करायला लाव. एकीने 'मी मेले तर?' म्हणायचं, दुसरीने मनात दहा आकडे मोजेपर्यंत काही बोलायचं नाही. चौथ्या आकड्यालाच कुणीतरी 'तसं काही होत नाही हो' म्हणून टाकतंच, बघशील.

बसून बोलायला सांग. आयसीयूत बसायला जागा नसते, माहीत आहे. पण प्रत्येक दोन बेडमागे एक स्टूल मेट्रनबाईंकडून मागून घे. उभ्याने, ड्रिपकडे बघत विचारलेल्या प्रश्नाला पेशंट 'बरं आहे' एवढंच उत्तर देतो.

विचारायचं काय, तर वॉशिंग्टनच्या डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांची 'फायका' म्हणून एक प्रश्नावली आहे. श्रद्धा कशावर, तिला आयुष्यात किती जागा, सोबतीला माणसं कोण, आणि या सगळ्याचं आम्ही तुमच्यासाठी काय करू, असे तिचे चार टप्पे. छापील फॉर्म करून पेशंटच्या हातात मात्र देऊ नकोस. स्पंजिंग करता करता विचारता येतं, "घरी असता तर या वेळी काय करत असता?" याच्या उत्तरात निम्मं येऊन जातं. कुणी म्हणतं हरिपाठ, कुणी नमाज, कुणी गोठ्यात म्हशीपाशी, कुणी म्हणतं टीव्हीवर मॅच. मग, "अवघड दिवस आले की कशाचा आधार वाटतो?" "कुणाला बघावंसं वाटतंय?" "कसला घोर लागून राहिलाय?" झालं. एका ड्युटीत एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ.

ट्यूबवाल्यांसाठी बोर्ड बनवा. मुळाक्षरांचा बोर्ड जाग्या, शिकलेल्या पेशंटला चालतो, पण काना-मात्रा दाखवता दाखवता बिचारा दमून जातो. म्हणून शेजारी चित्रांचा ठेव. त्यावर दुखणं, तहान, थंडी याबरोबर 'भीती वाटते', 'घरचे', 'देव, प्रार्थना', 'आज वार कोणता, दिवस की रात्र' हेही असू दे. तयार बोर्डांवर बहुतेक वेळा शरीराचंच सगळं असतं. आणि त्याहून आधी, लॉकरमधल्या पिशवीत चष्मा आणि कानाचं मशीन आहे का ते बघायला शिकव. मी किती वेळा पाहिलंय, पेशंट 'नॉट फॉलोइंग कमांड्स' म्हणून ओव्हरमध्ये येतो आणि त्याचं कानाचं मशीन बाहेर मुलीच्या पर्समध्ये असतं.

जे प्रतिसाद देत नाहीत, त्यांच्याशीही बोलायचं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हँकूव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या, २०२० साली ते प्रसिद्ध झालं. हाक मारल्यावर हलेनाशा झालेल्या मरणासन्न माणसांपैकी काहींचा मेंदूही आवाजाची दखल घेत होता. त्यातलं त्यांना उमजतं किती, हे त्यावरून ठरत नाही. पण बेडच्या डोक्याशी उभं राहून 'याचं काही खरं नाही' म्हणू नये, एवढं ठरायला ते पुरेसं आहे.

आता वस्तूंकडे येऊ. माझ्या मते तुझ्या तासाचा सगळ्यात मोठा भाग इथे घालव, कारण इथेच आपल्या हातून नकळत माणसं दुखावली जातात. आमच्याकडे एक वारकरी आजोबा आले होते, जुगुलर लाइन टाकायची होती, बीपी पडत होतं. रेसिडेंटने गळ्यातली तुळशीची माळ बघून कात्री मागितली. तिथली सिस्टर नवी नव्हती. ती म्हणाली, "सर, दहा सेकंद." तिने माळ हनुवटीवरून, कानांवरून हळूच काढली, आर्टलाइन नसलेल्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळली, वर सैल गॉज बांधला, आणि आजोबांच्या कानाशी वाकून सांगितलं, "माऊली, माळ तुमच्या हातातच आहे, तोडलेली नाही." सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. आजोबांची बोटं त्या माळेवर चाचपडत राहिली आणि लाइन पहिल्या झटक्यात पडली. माळ निघालीच नसती, बीपी आणखी ढासळलं असतं, तर कापायलाच लागली असती, आणि तेही बरोबरच होतं. मग मणी पुडीत जपून ठेवायचे आणि घरच्यांना स्वतः जाऊन सांगायचं.

मंगळसूत्राचं तसंच. एमआरआयला काढावंच लागतं. पण प्लास्टिकच्या पुडीत घालून, सही घेऊन, खिडकीतून नवऱ्याच्या हातात ठेवलं की त्या माणसाच्या छातीत काय होतं याचा विचार कर. "तपासणीसाठी काढलंय, परत आल्या की तुम्हीच घाला," एवढे शब्द त्या पुडीबरोबर जायला हवेत. दंडाचा ताईत बीपीच्या कफखाली येत असेल तर कफ दुसऱ्या हाताला लावता येतो. कपाळाला अंगारा लावायला हरकत नाही, ट्रॅकच्या आणि लाइनच्या आसपास भुकटी उडता कामा नये. दिवा-उदबत्ती नाहीच, ऑक्सिजन चालू असतो. सेलवरची पणती चालते. तीर्थ किंवा गंगाजल चमच्याने तोंडात ओतू द्यायचं नाही, ते फुप्फुसात जायची भीती असते. पण थेट 'अलाउड नाही' म्हणून दार लावू नकोस. माउथ केअरचा स्वॅब त्यात बुडवून ओठ ओले कर, किंवा मुलाच्याच हाताने करून घे, तू शेजारी उभी राहा. आबेजमजमचंही तेच.

मुसलमान पेशंटच्या घरच्यांना शेवटच्या वेळी चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला हवा असतो आणि कानाशी कलमा म्हणायचा असतो. बेड पाइपलाइनमुळे वळत नसेल तर मान थोडी वळवता येते का बघायचं, घरच्यांना विचारून. वसईचे, गोव्याचे कॅथलिक असतील तर फादरना अगदी अखेरीला बोलवायची वाट बघू नका. आजाऱ्याला तेल लावायचा त्यांचा संस्कार आजारपणातही होतो, आणि पेशंट शुद्धीवर असताना झाला तर त्याला तो कळतो. बौद्ध घरातल्या आजीच्या ओठांना आपण होऊन गंगाजल लावायला जाऊ नका. त्रिशरण-पंचशील फोनवर लावू का, विचारा. जैन आजींची सूर्यास्तानंतर काही न घेण्याची रीत असेल तर फीडच्या वेळांबद्दल डायटिशियनशी आधीच बोलून ठेवायचं. ही यादी पाठ करून घेऊ नकोस हं, कारण आडनाव बघून श्रद्धा ठरवली की हमखास फसायला होतं. एक निवृत्त प्राध्यापक होते, बायकोने उशाशी पोथी ठेवली तर डोळ्यांनीच नको म्हणायचे. त्यांना अग्रलेख वाचून दाखवला की श्वास संथ व्हायचा. तीही याच विषयातली गोष्ट.

एक कुंपण मात्र पक्कं घाल. आपला देव, आपले महाराज, आपली चर्चची पत्रिका ड्युटीवर आणायची नाही. तोंडात ट्यूब असलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही, म्हणून तर जास्तच जपायचं. पेशंटने 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं आणि तुला अवघड वाटलं, तर हात धरून शांत उभी राहा. आणि 'हे माझ्या पापाचं फळ' म्हणणाऱ्याला कर्मसिद्धांत समजावत बसू नये. खरा किंवा खोटा, कोणताच. ऐकायचं, आणि फार खोल गेलेलं वाटलं तर त्यांच्या गुरुजींना, मौलवींना, फादरना, नाही तर समुपदेशकाला बोलवायचं. आपल्या झेपेबाहेरचं कुठलं हे ओळखणंही शिकवायला हवं.

घरच्यांबद्दल थोडंच सांगते, कारण ते तुला छान जमतं. कॅनडात हॅमिल्टनच्या सेंट जोसेफ्सच्या आयसीयूत डेबोरा कुक यांच्या चमूने 'थ्री विशेस' नावाचा उपक्रम केला. मरणाऱ्या पेशंटच्या आणि घरच्यांच्या निदान तीन इच्छा विचारायच्या आणि जमतील तेवढ्या पुऱ्या करायच्या. २०१५ साली पहिल्या ४० रुग्णांचा वृत्तांत छापून आला, खर्च रुग्णामागे शून्य ते २०० डॉलर. आपल्याकडे तर शून्यातच पुष्कळ होतं. धुऊन आणलेली घरची गोधडी, नातवाचा आवाज, दुबईतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल. कोविडच्या काळात पीपीई घालून फोन धरून उभ्या राहिलेल्या पोरी तुझ्याच वर्गात असतील, त्यांनाच बोलू दे.

"वेळ कुठंय, मॅडम?" हा प्रश्न येणारच. त्यावर गोड गोड उत्तर देऊ नकोस. व्हेंटिलेटरला एकास एक नर्स हे पुस्तकात असतं. तीन व्हेंट एकीच्या गळ्यात बांधायचे आणि वर तिच्याकडून आध्यात्मिक शुश्रूषेची अपेक्षा धरायची, हा निलाजरेपणा आहे, आणि तू तो वरच्यांना स्पष्ट सांग. काही रात्री यातलं काहीच होणार नाही. बाकीच्या रात्री जे होईल ते हातातल्या कामातच होईल. दर दोन तासांनी कूस बदलतो, तोंड पुसतो, सक्शन करतो. हात लावायच्या आधी नावाने हाक मारून 'आता कुशीवर वळवते' असं सांगायला जादा वेळ लागत नाही.

हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी नर्सला, अरुणा शानबागना, केईएमच्या परिचारिकांनी १९७३पासून २०१५पर्यंत सांभाळलं. एका पिढीच्या बायका निवृत्त झाल्या, पुढच्या आल्या. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर निकाल दिला तेव्हा अरुणाच्या बाजूने बोलायचा अधिकार न्यायालयाने या हॉस्पिटलच्याच माणसांचा मानला. त्या बायका हे कुठल्या क्लासमध्ये शिकल्या नव्हत्या, जुन्या सिस्टरांकडे बघून शिकल्या. म्हणून तुझ्या क्लासनंतर नव्या मुलीला चांगल्या सिस्टरबरोबर दोन ड्युट्या लाव. वॉर्डच्या मावशींनाही बोलव. कोणता पेशंट रात्री रडतो ते त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

परीक्षा घेऊ नकोस, नोट्स वाच. 'सायकॉलॉजिकल सपोर्ट गिव्हन' हे वाक्य प्रत्येक शिफ्टला प्रत्येक कागदावर असतं, ते लिहायला बंदी घाल. त्याऐवजी 'संध्याकाळी हरिपाठ ऐकायची सवय, मुलगी सातला फोनवर ऐकवते, नंतर पल्स ११० वरून ९२' असं काही दिसलं, की समज क्लास लागू पडला.

आणि मृत्यूनंतर लगेच लाइन्स ओढायला धावायचं नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने 'द पॉज' म्हणून एक रीत घातली. पेशंट गेला की जे कुणी बेडभोवती असतील त्यांनी थोडा वेळ निःशब्द उभं राहायचं, त्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी झटलेल्यांसाठी. त्यात कुठला धर्म येत नाही, खर्च नाही. खाली कॅज्युअल्टीत पेशंट बेडसाठी ताटकळत असतो, सगळं खरं, पण अर्धं मिनिट निघतं. रेसिडेंटलाही थांबव. तेही पोरगंच असतं, सीपीआर देऊन हात थरथरत असतात त्याचे.

तुझा क्लास मात्र नाइट संपल्यावर, सकाळच्या ओव्हरनंतर ठेवू नकोस, मेट्रनबाईंनी कितीही आग्रह केला तरी. रात्रभर उभ्या राहिलेल्या बाईला त्या वेळी साक्षात विठ्ठल जरी दिसला तरी ती त्याला उशी मागेल. दुपारी चारला ठेव, चहा सांग, आणि तो टंग डिप्रेसरचा खेळ पहिल्यांदा तू स्वतः झोपून कर.